सावित्रीच्या मगरी

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाड या तालुक्यांतून वाहत जाऊन बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. महाडजवळील तिच्या डोहांत मगरींची वस्ती आहे. हिवाळ्यात सकाळी त्या काठावर ऊन खात निश्चल पडलेल्या दिसतात. त्यांना पाहताच कोणी दगड भिरकावतो, तर कोणी ‘मारून टाका’ म्हणतो. हे दोन्ही अयोग्य होय.

मगर क्रूर नाही; ती आपल्या स्वभावधर्माप्रमाणे जगते. मेलेली जनावरे खाऊन ती नदी स्वच्छ राखते. अंड्यांतून निघालेली पिले आई आपल्या जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. कातड्याच्या लोभाने माणसाने या जातीचा इतका संहार केला, की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण द्यावे लागले.

नदीवर धुणे धुणाऱ्यांचे व गुरे नेणाऱ्यांचे भय मात्र खोटे नाही. परंतु भयावर उपाय सावधपणा हा आहे, हत्या नव्हे. मुलांनो, मगर पाहावयाची असेल, तर वडील माणसांसह पुलावरून किंवा उंच दरडीवरून पाहावी. पाणी शांत आहे म्हणून त्यात उतरू नये. मगरीचे डोळे व नाकपुड्या तेवढ्याच वर असतात. काठावर खरकटे वा मांस टाकू नये. आयते अन्न मिळू लागले, की तिला माणसाचा धाक उरत नाही.

नदी केवळ माणसाची नव्हे. मगरीचा डोह मगरीला असू द्यावा व आपण आपला काठ सांभाळावा, यातच दोघांचे हित आहे.