आळंदचे अर्ज आणि ईमेलचे कुलूप

कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हा महाराष्ट्राच्या सीमेला भिडलेला विधानसभा मतदारसंघ. कर्नाटकच्या २०२३ मधील निवडणुकीपूर्वी तेथील मतदारांची नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांपैकी केवळ २४ खरे ठरले. ज्यांच्या नावाने अर्ज गेले होते, त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुन्हा नोंदवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी हे प्रकरण पुन्हा चर्चेत आणले आणि राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. ऑनलाइन अर्जाने कोणाचेही नाव परस्पर वगळले जात नाही, असा खुलासा निवडणूक आयोगाने केला. मात्र त्याच महिन्यात अशा अर्जांसाठी आधारवर आधारित ई-स्वाक्षरीची सोय लागू झाली. अर्ज नेमका कोणी केला, हे सिद्ध करण्याची व्यवस्था अपुरी होती, याचीच ही अप्रत्यक्ष कबुली.

याच राज्यातील दुसरे प्रकरण थेट ईमेलचे आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल या स्विस सेवेवर बंदीची प्रक्रिया सुरू करण्याचे निर्देश केंद्राला दिले. एका कंपनीतील महिला कर्मचाऱ्यांबाबत या सेवेवरून अश्लील ईमेल पाठवले गेले होते. त्या महिलांचा संताप रास्त आणि गुन्हा गंभीर, याविषयी दुमत नाही. आदेश बंगळुरूचा असला, तरी केंद्राने सेवा रोखल्यास ती बिदर-कलबुर्गीत जशी बंद होईल, तशीच पणजी-मडगावातही होईल.

प्रश्न उपायाचा आहे. ते ईमेल कूटबद्ध असल्यामुळे गुन्हेगार सुटला, असे म्हणता येत नाही. कारण ज्यांना ते मिळाले, त्यांनी ते वाचलेच होते. लपली होती ती पाठवणाऱ्याची ओळख. मजकुराची गोपनीयता आणि प्रेषकाची निनावी ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की चोराऐवजी कुलपालाच शिक्षा होते.

हा भेद समजून घेण्यासाठी संगणकावरील साधनांकडे पाहावे. विंडोजसाठी ‘जीपीजी-फोर-विन’ हा मोफत संच आहे. त्यातील ‘क्लिओपात्रा’ हे ॲप किल्ल्या सांभाळते आणि आउटलुकला जोडलेले प्लगइन ईमेल कूटबद्ध करते. थंडरबर्डसाठी पूर्वी ‘एनिगमेल’ हे प्लगइन लागे. २०२० पासून ही सोय त्यातच अंतर्भूत आहे. वापरणाऱ्याकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली सर्वांना द्यायची. तिने बंद केलेला ईमेल फक्त खासगी किल्लीने उघडतो. उलट, खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने कोणालाही पडताळता येते. म्हणजे एकच साधन मजकूर झाकते आणि प्रेषकाची खातरीही देते. आळंदमध्ये उणीव होती ती या खातरीची.

या साधनांनाही मर्यादा आहेत. ईमेल कोणी, कोणाला, केव्हा पाठवला, हे त्यांनी लपत नाही. खासगी किल्ली हरवली, तर जुने ईमेल कायमचे बंद होतात. संगणकातच हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले, तर कुलूप निरुपयोगी ठरते. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याला अभिप्रेत असलेली डिजिटल स्वाक्षरी परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधारलेली असते. घरी तयार केलेल्या किल्लीला तो दर्जा आपोआप मिळत नाही.

कायद्यानेही शासनाचे हात रिकामे ठेवलेले नाहीत. याच कायद्याच्या ६९व्या कलमाखाली ठरावीक कारणांसाठी संदेश उलगडून देण्याचा आदेश देता येतो. तो न मानल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१५ मध्ये केंद्राने मांडलेल्या मसुद्यात कूटबद्ध संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याची अपेक्षा होती. टीकेची झोड उठताच तो मागे घ्यावा लागला. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या खटल्यातील याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते, हे येथे विसरता येत नाही.

एक सेवा बंद केल्याने गुन्हेगार थांबत नाही. तो दुसरीकडे खाते उघडतो किंवा मोफत ॲप उतरवून घेतो. अडतो तो अशिलाशी बोलणारा वकील, माहिती देणाऱ्याचे नाव जपणारा पत्रकार आणि रुग्णाचा अहवाल पाठवणारा डॉक्टर. निनावी छळाचा माग काढण्यासाठी पोलिसांना तांत्रिक बळ आणि परदेशी यंत्रणांकडून तत्पर सहकार्य मिळायला हवे. त्याच वेळी नागरिकाच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक शासकीय अर्जाला पडताळता येईल अशी स्वाक्षरी हवी. आळंदने शिकवलेला धडा कुलपे फोडण्याचा नाही, तर सही तपासण्याचा आहे. गोव्यासारख्या, झपाट्याने ऑनलाइन होत चाललेल्या छोट्या राज्याने तो स्वतःच्या अनुभवाची वाट न पाहता घेतलेला बरा.