पाइपमध्ये वायरी किती? उत्तर पाठ नको, मोजलेले हवे

स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी वायरमन लोखंडी जाळीवर पीव्हीसी पाइप बांधून जातो. दुसऱ्या दिवशी त्यावर काँक्रीट पडते आणि घराच्या आयुष्यभरासाठी पाइपचा आकार ठरून जातो. म्हणूनच वायरमन परीक्षेतला ‘अमुक पाइपमध्ये किती वायरी बसतील?’ हा प्रश्न फक्त गुणांपुरता नाही. तरीही अनेक उमेदवार तक्ता घोकतात आणि हिशेब सोडून देतात. ही सवय मोडायला हवी.

कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागांत शिरले. भिजलेले फिटिंग बदलताना पाइपमध्ये जागा असेल, तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढता येते. पाइप ठासून भरलेला असेल, तर भिंत फोडण्यावाचून इलाज नसतो.

हिशेब कसा करायचा?

पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाचा ठरावीक हिस्साच वायरींनी भरायचा, हे मूळ तत्त्व. तीन किंवा जास्त वायरी असतील, तर ही मर्यादा ४० टक्के धरतात. अमेरिकेच्या विद्युत संहितेतही हाच आकडा आहे.

समजा, २० मिमी पाइप आहे आणि त्याचा आतला व्यास १७ मिमी. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ म्हणजे सुमारे २२७ चौरस मिमी. त्याचे ४० टक्के ९०.८. अडीच चौरस मिमीच्या वायरचा आवरणासह बाहेरचा व्यास ३.६ मिमी धरला, तर एका वायरीचे क्षेत्रफळ १०.२ चौरस मिमी. ९०.८ भागिले १०.२ म्हणजे ८.९. उत्तर ८, नऊ नाही. इथे अपूर्णांक नेहमी खालीच सोडायचा.

चुका कुठे होतात?

पहिली चूक वायरीच्या नावात आहे. ‘अडीच’ हे फक्त तांब्याचे क्षेत्रफळ. तेच धरून भागले, तर उत्तर ३६ येते! दुसरी चूक पाइपच्या नावात. २० मिमी हा बाहेरचा व्यास. तो आतला समजला, तर आठच्या जागी १२ वायरी येतात. तिसरी चूक अर्थिंगची वायर न मोजण्याची. जागा तीही घेते.

आठ आले म्हणून आठ वायरी ओढाव्यात, असेही नाही. भारतीय मानकांवर आधारलेल्या तक्त्यांत सरळ आणि वळणाच्या पाइपसाठी वेगवेगळे रकाने असतात. वळणाच्या पाइपमध्ये वायरी कमी, कारण ओढताना आवरण घासते. हिशेबापेक्षा तक्त्यातला आकडा कमी असेल, तर तक्ताच मानायचा.

खरा धोका उष्णतेचा

वायरी पाइपमध्ये बसल्या, म्हणजे काम सुरक्षित झाले असे नाही. भिंतीतल्या पाइपमध्ये एकटे सर्किट असेल, तर अडीचची वायर ३० अंश तापमानाला साधारण २४ अ‍ॅम्पिअर पेलते. त्याच पाइपमध्ये भाराची तीन सर्किटे एकत्र आली, की ०.७ ने गुणायचे. भोवतालचे तापमान ४० अंश असेल, तर आणखी ०.८७ ने. उरतात १४.६ अ‍ॅम्पिअर. अशा वायरीला २० ची एमसीबी लावली, तर वायर तापत राहील. एमसीबी मात्र पडणार नाही. गिझर, एसी आणि इंडक्शन शेगडी एकाच पाइपमधून नेणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

मग बदलायचे काय?

विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्रधारक माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, असे नियम सांगतात. त्या प्रमाणपत्राला अर्थ यायचा, तर परीक्षेत तक्त्यातला आकडा विचारून थांबू नये. उमेदवारापुढे पाइपचा तुकडा, वायरीचा तुकडा आणि व्हर्नियर ठेवावा. मोजून उत्तर काढायला लावावे. आयटीआयच्या कार्यशाळेत हे साहित्य असतेच. वेगळा खर्च नाही.

घरमालकाचीही जबाबदारी आहे. टाइल्स निवडायला आठ-आठ दिवस घालवणाऱ्यांनी स्लॅबच्या आधी वायरमनला दोनच प्रश्न विचारावेत: कोणत्या पाइपमधून किती सर्किटे जाणार आणि पुढे एक वायर वाढवायची झाली, तर जागा उरेल का? २० ऐवजी २५ मिमी पाइप घ्यायला थोडेच पैसे जास्त लागतात. भिंत फोडायला मात्र गवंडी, प्लास्टर आणि रंगारी, असा तिघांचा खर्च येतो.