यंदा सांगलीचा संघ काय करील?

— एस. वाय. बी. ए.

पावसाळा ओसरू लागला, आडसाली लागणी कमरेला लागल्या, की आमच्या कुंडलमध्ये एकच विषय निघतो. एस. टी. स्टँडवर, डेअरीच्या रांगेत, सलूनमध्ये, आणि खरे सांगायचे तर आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यातसुद्धा! क्रिकेटवाले मित्र विश्वचषकाचे अंदाज बांधतात, आम्ही कुस्तीवाले जोडी लावत बसतो. हंगामाची ही नुसती सुरुवात आहे. जत्रा-उरुसांची मैदाने अजून लांब आहेत, जिल्ह्याच्या निवड चाचण्या व्हायच्या आहेत. तरीही प्रत्येकाचे मत तयार असते. माझेही आहे. मी पैलवान नाही, माझ्याकडे पाहून कोणाला तशी शंकाही येणार नाही. परंतु आठव्या वर्षापासून शेंगा खात मैदाने पाहिली आहेत, आणि तेवढ्या भांडवलावर मत देण्याचा हक्क या गावात कोणालाही आहे.

माझे मत थोडक्यात असे, की सांगली जिल्ह्याच्या संघाकडून यंदा आशा धरायला जागा आहे. पण ती जागा आपण बघतो तिथे नाही.

आपण बघतो कुठे? महाराष्ट्र केसरीच्या गदेकडे. अधिवेशन जवळ आले की एकच प्रश्न, ‘यंदा गदा कोणाची?’ पण मित्रहो, अधिवेशनाला जिल्ह्याचा एक पैलवान जात नाही, संघ जातो. माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग. अलीकडच्या अधिवेशनांत प्रत्येक विभागात ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२ आणि ९७ किलो असे नऊ गट आणि दहावा खुला, म्हणजे महाराष्ट्र केसरीचा. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी गदेसाठी भिडतात. म्हणजे जिल्ह्याच्या नावाने सुमारे वीस पोरे लंगोट कसतात, आणि आपल्याला त्यातली एक-दोन नावे माहीत असतात. क्रिकेटचा संघ निवडून फक्त यष्टिरक्षकाची चर्चा करावी, तसा हा प्रकार झाला.

गदेबद्दल माझे भाकीत आधी सांगून टाकतो, म्हणजे भांडायला मोकळे. यंदा ती सांगलीत येईल असे मला वाटत नाही. आपल्या जिल्ह्याचा तिच्यावर जुना हक्क आहे, हे खरे. १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी झाली तीच सांगलीच्या दिनकर दह्यारींनी जिंकली. पुढे भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी सलग दोनदा गदा आणली. पण त्यानंतर २०२५ पर्यंत पुरुषांची गदा आपल्याकडे फिरकली नाही. याचे कारण नशिबात शोधू नये. हर्षवर्धन सदगीर आणि शिवराज राक्षे हे दोघेही पुण्यात कात्रजला काका पवारांच्या तालमीत तयार झाले. तिथे बारा महिने गादी आहे, बरोबरीच्या वजनाचे दहा जोडीदार आहेत. आपल्या गावच्या तालमीत शंभर किलोच्या पोराला जोर करायला दुसरा शंभर किलोचा मिळत नाही. मग तो एक तर जिल्हा सोडतो, नाही तर आहे तिथेच थांबतो.

आता दुसरी बाजू पाहू. १९५२ पासून २०२४ पर्यंत भारताने ऑलिंपिकमध्ये कुस्तीची एकूण आठ पदके मिळवली. आपल्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला लढले ते ५७ किलोच्या आतल्या गटात. सुशीलकुमारची दोन्ही पदके ६६ किलोत, योगेश्वर दत्त ६० किलो, साक्षी मलिक ५८, बजरंग पुनिया ६५, रवी दहिया ५७, आणि २०२४ साली पॅरिसला अमन सेहरावत पुन्हा ५७. सासष्ट किलोच्या वर एकही पदक नाही! आणि आपल्या मैदानात सासष्ट किलोच्या पोराची कुस्ती लागली की लोक चहाला उठतात.

जुनी जाणती मंडळी इथे लगेच मारुती मानेंचे नाव काढतील, आणि ते काढायलाच हवे. १९६२ सालच्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. आणि पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. एका जिल्ह्याचे दोन मल्ल, दोघेही वजनदार, दोघेही हिंदकेसरी. हा अभिमान मी कमी लेखत नाही. पण त्याच स्पर्धेत ५२ किलोत मालवा नावाच्या भारतीय मल्लानेही सुवर्ण घेतले होते, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? आपण मोठ्या देहाची आठवण ठेवतो, लहान देहाचे सुवर्ण विसरतो, ही आपली जुनी खोड दिसते.

हलक्या गटांवर माझा विश्वास बसण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अगदी घरगुती आहे. खुराक! दूध, तूप, बदाम, थंडाई, फळे, अंडी, मटण यांचा हिशेब ज्याने केला आहे त्याला विचारा. शंभर किलोचा पैलवान पोसायचा तर दोन-अडीच एकरांच्या शेतकऱ्याचे उसाचे बिल हातात येण्याआधीच संपते. गावाने वर्गणी काढली, एखाद्या कारखान्याने मानधन दिले, तर गाडा चालतो. नाही तर तालीम सुटते. साठ किलोचा पैलवान मात्र दोन म्हशींच्या दुधावर आणि आईच्या भाकरीवर उभा राहू शकतो. आपल्या तालुक्यात घडू शकणारा पैलवान हाच आहे.

हे सगळे मी पुस्तकी लिहीत नाही. माझा चुलतभाऊ ५७ किलोत लढतो. पहाटे चारला उठतो, जोर-बैठका, लढत, मग शेतावर, संध्याकाळी पुन्हा तालीम. त्याचा एकेरी पट मी पाहिलेल्या पोरांत सर्वांत जलद आहे. गेल्या हंगामात एका गावच्या मैदानात त्याने दोन मिनिटांच्या आत समोरच्याला आस्मान दाखवले. दुपारचा एक वाजला होता. हलगीवाला जेवायला गेला होता, पंच घाम पुसत होते, आणि बघणारे आम्ही तीस-चाळीस जण. इनाम मिळाले दोनशे रुपये आणि एक नारळ. त्याच मैदानात संध्याकाळी नंबर एकच्या कुस्तीला पाय ठेवायला जागा नव्हती. ती कुस्ती अर्धा तास खडाखडीत गेली आणि शेवटी बरोबरीत सोडवली. इनाम लाखात होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे डेअरीचा हिशेब, बँकेचा अर्ज, कारखान्याचे कागद सगळे माझ्यापुढे येतात. गेल्या महिन्यात नाना, म्हणजे माझे चुलते, दुधाची वही घेऊन बसले होते. वही मिटून म्हणाले, ‘‘तू शिकलेला हाईस. खरं सांग, पोराचं कुस्तीत काय हुईल का? का कारखान्यावर चिकटवून टाकू?’’ तेव्हापासून माझे मत ही गंमत राहिलेली नाही. व्हरांड्यात मारलेल्या गप्पांवर कोणाचे दूध बंद होत नाही; नानांना दिलेल्या उत्तरावर होईल. मी म्हणालो, ‘‘नाना, एवढा हंगाम जाऊ द्या.’’ ते ‘बरं’ म्हणाले. म्हणून हा लेख मी जपून लिहितो आहे.

मग या हलक्या पोरांना अडचण कसली? पहिली अडचण गादीची. मातीतली निकाली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांचा हिशेबच वेगळा. मातीत पाठ लागेपर्यंत निकाल नाही. तिथे दम राखता येतो, समोरच्याला दमवता येते, मग ढाक किंवा घिस्सा लावता येतो. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. पाय वर्तुळाबाहेर गेला की समोरच्याला गुण, नुसते थांबून राहिले की ताकीद, दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपली. मातीत वाढलेला पोरगा पहिल्या मिनिटाला अंदाज घेत असतो, तोवर तो चार गुणांनी मागे पडलेला असतो. आपले पैलवान राज्याच्या बाहेर कमी का दिसतात, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

ही अडचण नवी नाही. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादी त्यांच्या सवयीची नव्हती, तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. आपल्या प्राध्यापकांनी घर गहाण टाकावे असे माझे म्हणणे नाही (त्यांनी घाबरू नये!). पण चांगली गादी काही लाखांत येते, आणि मोठ्या मैदानातल्या एका नंबर एकच्या कुस्तीचे इनामही लाखांतच असते. एका वर्षी एक कुस्ती कमी लावली तर एका तालमीत कायमची गादी येईल. आपल्या जिमखान्यानेही यात वाटा उचलला तर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आपली पोरे गादी पाहून बिचकणार नाहीत.

यंदा माझी सर्वांत मोठी आशा कोणावर आहे, ते अजून सांगितलेले नाही. ती मुलींवर आहे. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली, आणि ती जिंकली आपल्याच जिल्ह्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडी हिने. अंतिम कुस्तीत तिने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवले. म्हणजे २००८ नंतर आपल्याकडे गदा आली नाही, असे जे पारावर म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. गदा आली; मुलीने आणली म्हणून आपण ती मोजली नाही. मुलींना आणखी एक फायदा आहे. त्यांची मोठी लढत गादीवरच होते, त्यामुळे त्या सुरुवातीपासून गुणांची कुस्ती शिकतात. हरियानाने हे आधी ओळखले. आपल्याकडे मात्र मुलगी तालमीत जाते म्हटले की अजून ‘लग्नाचं काय?’ हा प्रश्न आधी येतो, ‘वजन किती?’ हा नंतर.

राहिला प्रश्न भांडणांचा. राज्यात कुस्तीच्या संघटना दोन, त्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एक महाराष्ट्र केसरी फुलगावला झाली, दुसरी धाराशिवला. २०२५ मध्येही अहिल्यानगर आणि कर्जत अशा दोन झाल्या. अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयावरून एवढा गोंधळ झाला की दोघा नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. खरी गदा कोणती, यावर आमच्या स्टँडवर तास-तास वाद चालतो. मला त्यात रस नाही. गदा एक असो की दोन, ५७ किलोच्या पोराच्या दुधाचा भाव तोच राहतो.

तर हंगामाच्या तोंडावर माझा अंदाज असा. खुल्या गटात गदा नाही. मातीच्या मधल्या गटांत आपण झुंज देऊ, पण अंतिम फेरी अवघड. हलक्या गटांत, विशेषतः ६५ च्या आत, पोरांना गादीचा सराव मिळाला तर पदके नक्की. मुलींकडून सर्वांत जास्त. कोणाला हे पटत नसेल तर त्याने व्हरांड्यात यावे, चहा माझ्याकडून.

पण वाद घालण्याआधी एक काम करावे. आपले कुंडलचे महाराष्ट्र कुस्ती मैदान असो वा पंचक्रोशीतली कोणतीही जत्रा, यंदा संध्याकाळी न जाता दुपारी बाराला जावे. लहान कुस्त्या तेव्हाच सुरू होतात. तिथे तीस-चाळीसच्या जागी तीनशे माणसे बसली, प्रत्येकाने खिशातून दहा रुपये काढून इनामात टाकले, तर जिंकणाऱ्या पोराच्या हातात तीन हजार रुपये पडतील. तेवढ्यात एका घरचे महिन्याचे दूध निघते, आणि आणखी एखादा हंगाम तालीम चालू राहते.