शिंगं नव्हती, मोर होता

प्लॅस्टिकचं किट जोडून जहाज बनवणं हा लहान मुलांचा खेळ, साहित्याच्या विद्यार्थिनीने त्यात सुट्टी घालवू नये, असं मला दोन-चार जणांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. असं मॉडेल नीट जोडणं हे एक प्रकारचं वाचनच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्याला एक अट आहे. किटसोबत येणारा सूचनांचा कागद ही मूळ संहिता नव्हे, ते कुणीतरी लिहिलेलं गाइड आहे, हे जोडणाऱ्याला माहीत हवं. गाइड वाचून परीक्षा देता येते, पण पुस्तक वाचलं असं म्हणता येत नाही.

माझं किट व्हायकिंग जहाजाचं, १:५० प्रमाणातलं. या जहाजाची मूळ संहिता नॉर्वेत आहे. दक्षिण नॉर्वेत सांडेफ्योर्डजवळ गोकस्टॅड नावाचं शेत आहे. तिथल्या मातीच्या मोठ्या टेकाडाखाली १८८० साली एक अख्खं जहाज सापडलं. नवव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, ओकच्या लाकडाचं, सुमारे २३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना वल्ह्यांसाठी सोळा-सोळा भोकं. कुणा प्रतिष्ठित माणसाला त्यात ठेवून ते जहाजच पुरलेलं होतं. भोवतीच्या निळसर चिकणमातीमुळे लाकूड हजार वर्षं टिकलं. ते २३ मीटर माझ्या टेबलावर जेमतेम ४६ सेंटीमीटर भरतात.

आता किट आणि मूळ जहाज शेजारी ठेवून वाचू या. किटमध्ये नाळेवर जबडा उघडलेला ड्रॅगन आहे. गोकस्टॅडच्या जहाजाची नाळ चिकणमातीच्या वर आलेली होती, तिचं टोक कुजून गेलं. तिथे ड्रॅगन होता की नव्हता, हे ते जहाज आपल्याला सांगत नाही. डोलकाठीची पूर्ण उंचीही सापडलेली नाही. लोकरी कापडाचे तुकडे मिळाले, पण ते शिडाचे की तंबूचे, यावर वाद होऊ शकतो. किटचा कागद मात्र कुठेच अडखळत नाही. ड्रॅगन लावा, एवढ्या उंचीची काठी लावा, शिडावर लाल पट्टे रंगवा. सगळं एकाच ठाम आवाजात.

गंमत म्हणजे जे खात्रीने माहीत आहे, तिथेच किट घसरतं. गोकस्टॅडला ६४ ढाली मिळाल्या, एका बाजूला ३२. त्या आळीपाळीने पिवळ्या आणि काळ्या रंगवलेल्या होत्या. माझ्या बॉक्सवरच्या चित्रात ढाली लाल, निळ्या, हिरव्या, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारख्या. आणि खलाशांच्या डोक्यावर शिंगांची शिरस्त्राणं! ही शिंगं जर्मनीच्या रंगमंचावरून आली. १८७६ साली बायरॉइथ इथे वाग्नरच्या 'रिंग' ऑपेरांचा पहिला पूर्ण प्रयोग झाला, तेव्हा कार्ल एमिल डोप्लर यांनी पात्रांसाठी शिंगांची शिरस्त्राणं केली. ती लोकांच्या डोक्यात अशी बसली की अजून निघत नाहीत. नॉर्वेत यर्मुंडबू इथे १९४३ मध्ये त्या काळातलं खरं लोखंडी शिरस्त्राण सापडलं. त्याला शिंगं नाहीत.

पण गोकस्टॅडच्या त्या दफनात घोडे आणि कुत्रे यांच्याबरोबर काय होतं? मोर! मोर हा मुळात आपल्या भारतीय उपखंडातला पक्षी. तो कुठून, किती हात बदलत नवव्या-दहाव्या शतकात नॉर्वेच्या किनाऱ्यावर पोचला असेल, याचा विचार करत मी एक अख्खी दुपार घालवली. शिंगं ही ऐकीव कल्पना, ती दहा पिक्चरमध्ये दिसते. मोर कुणाच्या कल्पनेत आला नसता. म्हणून मी म्हणते, पुराव्याशी प्रामाणिक राहिल्याने कल्पनाशक्ती मरत नाही. उलट तिला नवं खाद्य मिळतं.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, आणि ती मला जवळची आहे. व्हायकिंगांबद्दल आपण जे वाचतो, त्यातलं त्या काळचं बरंचसं लेखन ख्रिस्ती मठवासींचं आहे. ७९३ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठावर हल्ला झाला. माणसं मारली गेली, पवित्र वस्तू लुटल्या गेल्या. तो आक्रोश खरा होता. मी कॅथलिक आहे, मार खाल्लेले ते मठवासी माझ्याच चर्चचे. माझी सहानुभूती कुठे असणार हे उघड आहे. तरीही ज्याला मार बसला त्याने मारणाऱ्याचं वर्णन केलं, तर त्यात मारणाऱ्याचे हातच जास्त दिसणार. त्या हातांना आणखी काय येत होतं, ते कळायला त्यांनी स्वतः मागे ठेवलेलं काहीतरी वाचावं लागतं. त्यांनी लांबलचक ग्रंथ ठेवले नाहीत, जहाज ठेवलं.

आणि हे जहाज वाचावं असंच आहे. पाण्याखालच्या फळ्या अडीच सेंटीमीटरच्या आसपास जाडीच्या, एकीच्या कडेवर दुसरी चढवून लोखंडी रिव्हेटने जोडलेल्या. आतल्या फासळ्यांना मात्र त्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, बांधलेल्या आहेत. त्यामुळे लाटेबरोबर जहाज थोडं वाकतं, पुन्हा सरळ होतं. १८९३ साली याच जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधून मॅग्नस अँडरसन आणि त्यांच्या साथीदारांनी अटलांटिक ओलांडला. शिकागोचं जागतिक प्रदर्शन गाठायचं होतं. बर्गनहून न्यूफाउंडलंडपर्यंत २८ दिवस लागले. भर समुद्रात जहाजाची वरची कड सहा इंचांपर्यंत पिळवटत होती, तरी पाणी आत येत नव्हतं, अशी त्यांची नोंद आहे.

हे वाचल्यावर किटमधली खरी उणीव कळली. अडीच सेंटीमीटरची फळी १:५० प्रमाणात अर्धा मिलिमीटर व्हायला हवी. प्लॅस्टिक एवढं पातळ ओतता येत नाही, म्हणून किटची भिंत तीन-चारपट जाड आणि ताठ. शिवाय किटमध्ये जहाजाचे डावा-उजवा असे दोन अर्धे भाग येतात. ते ग्लूने जोडायचे, आणि जोड येतो नेमका कीलवर. मूळ जहाजात कील म्हणजे कणा, १७ मीटरहून लांब, एकाच ओक वृक्षातून काढलेला. जिथे खरं जहाज सर्वांत अखंड, तिथेच माझं मॉडेल दुभंगलेलं. तो जोड पुटी भरून, घासून लपवता येतो. पण एकदा का तो कळला, की बोट तिथून फिरवताना कणा म्हणजे काय हे जास्त कळतं. नुसतं वाचून मला ते एवढं कळलं नसतं.

अंदाज करूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. 'कौंडिण्य' हे जहाज इथे बांधलं गेलं आणि २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. त्याचा आधार अजिंठ्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. तिथे गोकस्टॅडसारखं लाकूड हाताशी नव्हतं, आराखडाही नव्हता. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, आणि चित्रावरून काढलेला आकार समुद्रात टिकेल का हे पाहायला आयआयटी मद्रासच्या मदतीने मॉडेलवर चाचण्या घेतल्या. नाळेवर सिंहयाळी आणि शिडावर गंडभेरुंड आहे, पण ही सांस्कृतिक प्रतीकं म्हणून घातली आहेत हे उघड सांगितलं गेलं. अंदाज असा, नाव सांगून करावा. माझी तक्रार फक्त निनावी अंदाजाबद्दल आहे, जो पुराव्याच्या रांगेत गुपचूप येऊन उभा राहतो.

यावर एक आक्षेप येईल: एवढा काथ्याकूट केला तर छंदाची मजाच गेली. ड्रॅगनशिवाय व्हायकिंग जहाज कोण बघणार? मान्य आहे, ड्रॅगन देखणा आहे. मीही तो काढून टाकलेला नाही. पण त्याला वेगळा, फिकट रंग दिलाय, आणि स्टँडवर एक कार्ड लावलंय. त्यावर तीन रकाने: 'सापडलं', 'अंदाज', 'हौस'. ढालींचे रंग पहिल्यात. डोलकाठीची उंची आणि शीड दुसऱ्यात. ड्रॅगन तिसऱ्यात. शिंगं मात्र ब्लेडने कापली, त्यांना हौसेतही जागा नाही. ज्यांनी ते कार्ड वाचलं, ते नुसतं 'छान आहे' म्हणून पुढे गेले नाहीत. 'मग हे कशावरून?' असं विचारत थांबले.

मंडळाला माझी सूचना एवढीच आहे. आपण दरवर्षी लोककथा सांगतो, जुन्या कवितांचा अर्थ लावतो, संतांची चरित्रं नाटकात आणतो. तिथेही असेच तीन रकाने असतात, आपण ते मांडत नाही एवढंच. यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक गटाने आपल्या कामाखाली हे तीन रकाने भरून लावावेत. तिसरा रकाना मोठा झाला तरी हरकत नाही. तो पहिल्यात मिसळू नये, इतकंच बघायचं.