संगणकाची अर्धसत्य जबानी

संगणकाने चूक दाखवावी यात गैर काही नाही. परंतु दाखविलेले कारण शब्दशः खरे असूनही तात्पर्याने खोटे ठरावे आणि नवशिक्याने त्याच्या मागे लागून वेळ दवडावा, या दोषाचे खापर शिकणाऱ्याच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे.

महाविद्यालयांतून सर्रास शिकविल्या जाणाऱ्या पायथन भाषेचेच उदाहरण घ्यावे. यदृच्छेने अंक निवडून देणारे 'रँडम' हे मॉड्यूल तिच्यासोबतच मिळते. त्याचा सराव करू पाहणारा विद्यार्थी आपल्या फाइलीस साहजिकच 'रँडम.पाय' असे नाव देतो, पुस्तकाबरहुकूम 'रँडइंट' हे फंक्शन मागतो, आणि 'रँडम' मॉड्यूल अर्धवटच सिद्ध झाले असून त्यात 'रँडइंट' नाही, बहुधा चक्राकार इम्पोर्टमुळे, असा निवाडा २०१९ नंतरच्या कित्येक आवृत्त्यांनी त्याच्या हाती ठेवला. वस्तुतः पायथन चालत्या फाइलीच्या फोल्डरात आधी शोध घेते. सबब विद्यार्थ्याची फाइल मूळ मॉड्यूलास झाकून स्वतःलाच इम्पोर्ट करीत असते. अश्वत्थामा मारला गेला हे धर्मराजाचे वचन ज्या अर्थाने सत्य होते, त्याच अर्थाने हा संदेशही सत्य आहे!

वापरणाऱ्याचा हेतू यंत्रास कसा कळावा, असा आक्षेप यावर घेतला जातो. हेतू कळण्याची गरजच नाही. फाइलीचे नाव आणि स्वतःच्या मॉड्यूलांची यादी ही दोन्ही यंत्राच्या दप्तरी असताना त्यांचा ताळा घेणे पुरेसे होते. १९९१ पासून प्रचारात असलेल्या या भाषेने ते काम ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत केले, आणि आता फाइलीचे नाव बदलण्याची स्पष्ट सूचना मिळते. तसेच पायथनला '-एम' हा पर्याय देऊन मॉड्यूल चालविताना नावापुढे चुकून '.पाय' जोडल्यास पूर्वी केवळ '__पाथ__' नामक गुणधर्म नसल्याची दुर्बोध तक्रार येई, आता '.पाय' वगळून पाहण्याचा सल्लाही तिच्यासोबत येतो.

म्हणजे अडचण सामर्थ्याची नव्हती, अगत्याची होती. इंग्रजी शब्दांवर अक्षरशः विसंबणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास तर या अगत्याची गरज अधिकच. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सर्वांस विनंती अशी की, काय शोधले, कोठे शोधले, काय सापडले आणि आता काय करावे, हा तपशील प्रत्येक त्रुटिसंदेशात नोंदवावा, आणि कारणाची खात्री नसेल तेथे तर्क लढविण्यापेक्षा केवळ घडलेली हकीकत सांगावी.