सव्वा मीटरचं मैदान

जुलै 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहात 2034 पर्यंतच्या विकास आराखड्यावर घमासान झालं. आरेच्या कारशेडचा वाद गाजला. झाडांसाठी भांडले, चांगलं केलं. भर दुपारी क्रेनच्या सावलीत डबा उघडणाऱ्या गोदी कामगाराला झाडाची किंमत कुणी शिकवू नये. पण या आराखड्यापाठोपाठ 2018 ला जी नियमावली लागू झाली, तिच्यातल्या एका आकड्यावर कुणी बाकं बडवल्याचं माझ्या कानावर नाही.

आकडा असा. एक हेक्टरहून मोठ्या भूखंडावर साहेबलोकांची सोसायटी व्हायची असेल, तर 25 टक्के जागा मनोरंजन मैदान म्हणून मोकळी सोडायची. लहान भूखंडाला 20, त्याहून लहानाला 15. नि झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना असेल तर? तर 8 टक्क्यांवर भागतं. जुन्या नियमावलीतली ही मेहेरबानी नव्या नियमावलीत जशीच्या तशी उतरली. वर अट, की हेक्टरी कमीत कमी 650 घरं बसलीच पाहिजेत. काहून बे? आमची फुफ्फुसं लहान आहेत?

मॅट्रिकचं गणित मांडू. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. त्याचे 8 टक्के 800. भागिले 650. घरामागे जेमतेम सव्वा चौरस मीटर. गोदीत चार गोण्या ठेवायच्या तरी याहून जास्त जागा लागते. आणि मोकळ्या जागेतल्या प्रत्येक 100 चौरस मीटरला 5 झाडं, हाही मुंबईचा जुना नियम. त्या हिशेबानं 650 घरांना 40 झाडं. नियम करणाऱ्यांनी आपल्याला मोजलंच नाही, असं मी म्हणत नाही. नीट मोजलंय. कोंबायसाठी मोजलंय.

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, 300 फुटांचं पक्कं घर फुकट मिळतंय, वर बगिचा कशाला मागता? 300 फूट घेऊच. ते उपकार नाहीत. पण मैदान म्हणजे आपल्याला मनोरंजन नाही. जयंतीचा मांडव तिथं पडतो, लग्नाच्या पंगती तिथं उठतात. विसाव्या मजल्यावर माणूस मेला तर लिफ्टमध्ये तिरडी आडवी बसत नाही. मयत कशीबशी उभी करून खाली आणायची, आणि ठेवायची कुठं? दोन बिल्डिंगींच्या मधल्या बोळात, जिथं ऊन उतरत नाही. जानेवारी 1974 ला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा भरली, दगड आले, पोलीस आले. पण सभा भरायला आधी मैदान होतं. सव्वा मीटरवाल्यांनी सभा कुठं भरवायची, जिन्यात?

हे झालं मुंबईचं. मी मूळचा बोरगाव मेघेचा, वर्धा शहराला चिकटलेल्या गावचा. 2011 च्या जनगणनेनं त्याला शहरात धरलं, तेव्हाही कारभार ग्रामपंचायतीचाच होता. कापसाची वावरं अकृषक झाली नि ले-आउट पडत गेले. डिसेंबर 2020 पासून मुंबई नि थोडे अपवाद सोडले, तर राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे. 4,000 चौरस मीटर किंवा मोठा ले-आउट असेल, तर 10 टक्के मोकळी जागा सोडायची. गरिबांसाठी लहान प्लॉट, लहान घरं राखायची सक्ती मात्र 2020 च्या मूळ नियमावलीत 10 लाखांवरच्या महापालिकांनाच होती. म्हणजे वर्ध्याकडच्या ले-आउटवाल्याला 10 टक्के हवा सोडावी लागते, आपल्याला एक प्लॉट सोडावा लागत नाही. आणि त्या हवेचं पुढं काय होतं ते विदर्भातल्या कुठल्याही पोराला विचारा. आधी झेंडा लागतो, मग ओटा होतो, मग देऊळ, मग गेट. विहाराला जागा मागितली की साला नकाशा बाहेर निघतो.

मागणी एवढीच. 8 खोडा, 25 लिहा, आणि गरिबांच्या प्लॉटांवरची ती 10 लाखांची अट उडवा. झोपडपट्टीच्या योजनेत एवढी जमीन आणायची कुठून, असं बिल्डर विचारील. त्याच भूखंडावर त्याचा विक्रीचा टॉवर उभा आहे, आपल्या नावावर मिळालेल्या एफएसआयवर. तिथून आणावी.