गाळलेले पाणी आणि तानसाचे रान

पाणी गाळले म्हणजे विधी संपला, असे जुन्या जैन घरांत मानले जात नसे. गाळण्यात राहिलेली जीवाणी, म्हणजे ते सूक्ष्म जीव, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत जपून सोडायची, तेव्हाच तो पूर्ण होई. नळ आले आणि विधीचा हा उत्तरार्ध बहुतेक घरांतून गेला. नळाच्या पाण्याचे मूळ कोणाला दिसते? मुंबईकर कुटुंबांच्या बाबतीत ते मोठ्या प्रमाणात शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव तेथेच आणि शहराला जवळपास निम्मे पाणी देणारे भातसा धरणही तेथेच.

तानसाभोवतीचे ३०० चौरस किलोमीटरहून अधिक रान अभयारण्य आहे. मानस मंदिराच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना समोर दिसणारे माहुलीचे सुळके त्याच रानातले. शेजारच्या मुरबाड तालुक्यात १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग येतो. शतकाहून अधिक काळ नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ साली सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. २०१४ साली तो तानसाच्या सागवानातही आढळला. जेथे तो राहू शकतो तेथे जुनी, पोकळ ढोलींची झाडे शिल्लक आहेत, एवढे त्यावरून निश्चित समजते.

तापत्या हवामानात या जुन्या झाडांचे मोल वाढले आहे. खोडात, मुळांत आणि पालापाचोळ्याखालच्या मातीत त्यांनी दशकानुदशके कार्बन साठवलेला असतो. रान तुटले वा जळले की तो पुन्हा हवेत जातो. शिवाय अतिवृष्टीचे प्रसंग वाढत आहेत. उघड्या डोंगरावर कोसळलेला पाऊस माती घेऊन धावतो आणि तलावात गाळ होऊन बसतो. झाडोरा असलेल्या उतारावर तेच पाणी थबकते, मुरते आणि ओढ्याला दिवाळीनंतरही पुरते. वाढदिवसाला लावलेले रोप हे काम करू लागण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि त्यांपैकी किती रोपे दुसरा उन्हाळा पाहतात, हे समारंभाच्या छायाचित्रात दिसत नाही.

२०२२ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के भूमी व सागर संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. शहापुरात मात्र प्रश्न केवळ टक्क्यांचा नाही. ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ही माणसे रानाच्या राखणीतून वगळली, तर कागदावरील अभयारण्य कागदावरच राहील. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे.

व्यापारी कुटुंबांचा येथील संबंध आता केवळ दर्शनापुरता उरलेला नाही. नाशिक महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि मुरबाड रस्ता यांच्या आसपास प्लॉट, गोदामे व फार्महाऊस वाढत आहेत. व्यवहार कायदेशीर असतात, त्यात वावगे काही नाही. तरी सातबारा तपासताना जमिनीला लागून वन आहे का, कुंपणाने ओढा अडतो का, बोअरवेलमुळे खालच्या पाड्याची विहीर आटेल का, हे प्रश्न दलाल विचारत नाही. ते घेणाऱ्यालाच विचारावे लागतात, इसार देण्यापूर्वी.